इन्शुलिन पंप : वापरणाऱ्यांनी सांगावे, बनवणाऱ्यांनी ऐकावे



मे महिन्यातल्या एका पहाटे येरवड्याकडच्या वस्तीतून आम्हांला फोन आला. चौदा वर्षांच्या मुलीला रात्रभर उलट्या होत होत्या. पोट दुखत होते, श्वास जोरजोरात चालला होता. आईला वाटले, उन्हाळ्याचे पित्त असेल. या मुलीला सहाव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह आहे. वर्षभरापूर्वी एका दात्याच्या मदतीने तिला इन्शुलिन पंप मिळाला होता. पंप कमरेला होता, चालू होता, कसला आवाज करत नव्हता. म्हणून घरात कुणाला त्याचा संशय आला नाही. ग्लुकोमीटर लावला तर साखर मीटरच्या मापाबाहेर गेलेली.

आम्ही पोटावरची चिकटपट्टी पाहिली. पत्र्याच्या घरात घामाने ती एका बाजूने सुटली होती आणि कातडीतली बारीक नळी बाहेर सरकली होती. इन्शुलिनला एक उग्र औषधी वास असतो. तो वास पट्टीला येत होता. म्हणजे इन्शुलिन शरीरात न जाता पट्टीखाली ओघळत होते. नळीत अडथळा नव्हता, म्हणून पंपाने अलार्म दिला नाही. पंपाच्या हिशेबाने सगळे ठीक चालले होते.

मुलगी अतिदक्षता विभागात राहिली आणि वाचली. घरी सोडताना तिच्या आईला ऐकवले गेले, "एवढे महागडे यंत्र मिळाले, नीट सांभाळता येत नाही का?" आई मान खाली घालून उभी राहिली. त्या वेळी आमच्याही तोंडून शब्द फुटला नाही. हा लेख म्हणजे आमचे उशिराचे उत्तर आहे.

पंप म्हणजे काय?

आधी यंत्र समजून घेऊ. टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही, आईच्या चुकीने होत नाही आणि कुणाच्या कर्माचे फळ तर मुळीच नाही. इन्शुलिन बाहेरून घेणे हाच उपाय. ते बंद केले तर माणूस जगत नाही.

बहुतेक रुग्ण दिवसातून चार वेळा सुई टोचून घेतात. पंपाचे काम वेगळे आहे. पत्त्यांच्या कॅटाएवढ्या डबीत साधारण २०० ते ३०० युनिट इन्शुलिन भरतात. तिथून बारीक नळी पोटावर किंवा मांडीवर येते आणि चिकटपट्टीखालच्या मऊ नळीतून इन्शुलिन कातडीखाली जाते. चोवीस तास थोडे थोडे जाते, तो बेसल डोस. जेवताना बटण दाबून जास्त देतात, तो बोलस डोस. पोटावरचा हा संच दर दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सुईने घेणाऱ्यांच्या अंगात लांब पल्ल्याच्या इन्शुलिनचा साठा असतो. पंपात फक्त झटपट काम करणारे इन्शुलिन असते. पंपाचा पुरवठा तुटला की काही तासांतच अंगात इन्शुलिन उरत नाही. मग शरीर चरबी जाळू लागते, रक्तात कीटोन नावाची आम्ले साठतात. उलटी, पोटदुखी, जोराचा श्वास ही त्याची लक्षणे. त्या मुलीला नेमके हेच झाले होते. म्हणजे सुटलेली चिकटपट्टी ही पंपावरच्या माणसासाठी जिवाशी गाठ असते.

पंप सुधारला कुणी?

इन्शुलिनचा पहिला यशस्वी उपयोग जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात चौदा वर्षांच्या एका मुलावर झाला. शोध लावणाऱ्यांनी पेटंटचे हक्क नाममात्र एकेका डॉलरला टोरांटो विद्यापीठाला देऊन टाकले. १९६० च्या दशकात अमेरिकेत डॉ. अरनॉल्ड कॅडिश यांनी इन्शुलिन देणारे यंत्र बनवले, पण ते पाठीवर वागवण्याच्या पिशवीएवढे होते. १९७० च्या दशकात अंगावर घालता येतील असे पंप आले.

पुढे यंत्र लहान झाले, हुशार झाले. तरी रोज वापरणाऱ्याची अडचण कंपनीला शेवटी कळत असे. अमेरिकेतल्या सिॲटल शहरात डेना लुईस नावाची टाइप १ मधुमेह असलेली तरुणी एकटी राहत होती. तिची झोप गाढ. रात्री साखर खाली गेली की सेन्सर वाजे, पण आवाज इतका बारीक की तिला जाग येत नसे. अलार्म मोठा करा ही तिची मागणी होती. तसे झाले नाही. २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन कॉस्टिक नावाच्या एका बापाने आपल्या लहान मुलाच्या सेन्सरमधले आकडे संगणकावर काढण्याची युक्ती शोधली होती. तिच्या आधारे लुईस आणि तिचा जोडीदार स्कॉट लाइब्रँड यांनी आकडे फोनवर आणले आणि हवा तेवढा मोठा अलार्म बसवला. पुढे सेन्सरचे आकडे पाहून पंपाचा डोस आपोआप कमी-जास्त करणारी व्यवस्था त्यांनी उभी केली आणि २०१५ मध्ये ती सर्वांना खुली केली. कंपनीने बनवलेल्या अशा पहिल्या पंपाला अमेरिकी सरकारची मान्यता मिळाली ती सप्टेंबर २०१६ मध्ये.

घरी पंप उघडून दुरुस्त करा, असे आम्ही मुळीच सांगत नाही. तसे करू नका. सांगायचे ते एवढेच की या सुधारणेची सुरुवात प्रयोगशाळेत झाली नाही. "मला आवाज ऐकू येत नाही" या एका रुग्णाच्या तक्रारीतून ती झाली.

आपल्या पुण्यातही असे घडले आहे. रास्ता पेठेतल्या के.ई.एम. रुग्णालयाच्या मधुमेह विभागाने, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने, १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर माता आणि त्यांच्या बाळांची मोजमापे घेतली. आपली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने कमी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त, हे त्यातून जगाला कळले. परदेशी मापावर विसंबून राहिले असते तर ती बाळे नुसतीच हडकुळी म्हणून नोंदली गेली असती. आपल्या माणसांना मोजले, म्हणून आपल्या मधुमेहाचे एक कारण सापडले.

अवंतीची जमीन

विनयपिटकातल्या महावग्गात सोण कुटिकण्ण यांची कथा आहे. ते अवंती देशातले, महाकच्चान थेरांचे शिष्य. उपसंपदेसाठी दहा भिक्खूंचा संघ हवा, असा नियम होता. अवंतीत भिक्खू थोडे, त्यामुळे सोणांना तीन वर्षे थांबावे लागले. पुढे ते भगवंतांच्या दर्शनाला निघाले तेव्हा गुरूंनी त्यांच्याबरोबर काही अडचणी कळवल्या. आमच्याकडे भिक्खू कमी आहेत. आमची जमीन काळी, टणक, गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे, एका पदराच्या वहाणेने भागत नाही. आमच्याकडचे लोक वारंवार स्नान करतात. आमच्याकडे अंथरायला कातडी वापरतात.

भगवंतांनी काय केले? तुम्हांला नियम पाळता येत नाहीत, असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी सीमेवरच्या प्रदेशांसाठी नियम बदलला. विनयधरासह पाच भिक्खू पुरेत, जाड तळाच्या वहाणा चालतील, वारंवार स्नान चालेल. नियम गंगेच्या खोऱ्यात तयार झाला होता. टणक जमिनीवर चालणाऱ्याचा अनुभव ऐकल्यावर त्यात दुरुस्ती झाली.

पंपाकडे आम्ही याच नजरेने पाहतो. तो थंड हवेच्या देशात, वेगळी खोली, फ्रीज, शॉवर आणि खिसा असलेल्या माणसासाठी तयार झाला. आपल्या वस्त्या ही त्याच्यासाठी अवंतीची जमीन आहे.

आपल्या माणसांनी सांगितलेले

पंप वापरणाऱ्या आणि सुई टोचून घेणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या रुग्णांशी आम्ही बोललो. त्यांच्या अडचणी आणि त्यातून निघणाऱ्या सुधारणा अशा :

१. घाम. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याखाली त्याहून जास्त. झाडू खात्यात काम करणाऱ्या एक ताई म्हणाल्या, "तीन दिवसांची पट्टी माझ्या अंगावर एक दिवस टिकते." हवी ती दमट हवेत टिकणारी पट्टी, आणि पट्टी सुटली किंवा ओली झाली तर रंग बदलून दाखवणारी कड. त्या मुलीच्या आईला तो रंग वाचायला शिक्षण लागले नसते.

२. कपडे. पंपाची चिमटी पँटच्या पट्ट्यासाठी केलेली असते. साडीत ती निऱ्यांत अडकते आणि बसताना नळी ओढली जाते. एक काकू ब्लाउजला आतून खिसा शिवून पंप ठेवतात. ही सुधारणा एका शिंप्याच्या दुकानात झाली आहे, कंपनीला तिचा पत्ता नाही.

३. भाषा. आम्ही पाहिलेल्या पंपांच्या पडद्यावर मराठी नव्हती. रात्री दोन वाजता इंग्रजी सूचना वाचून निर्णय घ्यायचा आहे सातवी शिकलेल्या आईला. मराठी शब्द द्या, ते जमत नसेल तर चित्र द्या. आणि "इन्शुलिन संपले" आणि "बॅटरी उतरली" यांचे आवाज तरी वेगळे ठेवा.

४. एका खोलीचे घर. अलार्म वाजला की सहाजण उठतात. पहाटे कामावर जाणारा बाप चिडतो, म्हणून मुलगी आवाज बंद करून झोपते. हवे ते मनगटावर किंवा उशीखाली जोराने थरथरणारे यंत्र.

५. गर्दी. १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या रांगेत एका मुलाची नळी धक्काबुक्कीत उपटली गेली. पीएमपीच्या बसमध्ये हे रोजचे आहे. नळी आखूड हवी. झटका बसला तर कातडीतून निघण्याआधी मधल्या जोडाशी सुटावी आणि सुटल्याबरोबर पंपाने ओरडावे.

६. ताट. बोलस डोसासाठी पंप विचारतो, किती ग्रॅम कर्बोदके? ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ७० ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत सुमारे ३५. एकदा घरी पीठ मोजून घेतले की हिशेब जमतो. पण पंपावर "एक भाकरी", "एक वाटी भात", "एक बशी पोहे" अशी बटणे का नसावीत? अष्टशील घेऊन उपोसथ पाळणाऱ्या उपासक-उपासिकांना दुपारनंतर जेवण नसते. त्या दिवसाचा डोस डॉक्टरांना विचारूनच ठरवावा, आणि साखर उतरली तर शील मोडेल या भीतीने साखर-पाणी घ्यायचे थांबू नये.

७. चाळीस आणि शंभर. हे नीट वाचा. आपल्याकडे इन्शुलिनच्या बऱ्याच बाटल्या ४० ताकदीच्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. त्यांची सिरिंज लाल टोपणाची. पंपातले आणि पेनमधले इन्शुलिन सहसा १०० ताकदीचे. त्या ताकदीची सिरिंज नारिंगी टोपणाची. पंप बंद पडला आणि शेजारच्या आजींची लाल टोपणाची सिरिंज घेऊन पंपाच्या बाटलीतून १० च्या खुणेपर्यंत ओढले, तर अंगात १० नव्हे, २५ युनिट जातात. माणूस बेशुद्ध होऊ शकतो. उलटी अदलाबदल झाली तर डोस निम्म्याहूनही कमी पडतो. रंगाच्या टोपणावर जीव टांगलेला ठेवणे ही रचनेतली चूक आहे. एका ताकदीची बाटली दुसऱ्या सिरिंजला बसूच नये, अशी रचना हवी.

पंप नसलेल्यांचे काय?

खरे सांगायचे तर आपल्यातल्या बहुतेकांकडे पंप नाही. त्याची किंमत लाखांत आहे आणि संच, डबी, सेन्सर यांचा खर्च दरमहा हजारांत. पंप नाही म्हणून कुणी स्वतःला कमी समजू नये. वेळेवर सुई, नियमित तपासणी आणि समजून घेतलेले जेवण यांवर माणसे दीर्घ आयुष्य जगतात.

बाबासाहेबांची आठवण येथे येतेच. १९४८ च्या सुमारास मधुमेहाने त्यांचे पाय असह्य दुखत, झोप लागत नसे. इन्शुलिन चालू होते. त्याच काळात संविधानाचे काम चालू होते. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर, म्हणजे आपल्या माईसाहेब, यांच्याशी झाला. पथ्यपाणी आणि औषध पाहणारे जाणकार माणूस जवळ असावे, हा डॉक्टरांचा सल्ला त्यामागे होता. त्या काळी काचेची सिरिंज उकळून, जाड सुई वापरून इन्शुलिन देत असत. बाबासाहेबांच्या घरी डॉक्टर होत्या. आपल्या घरी आई आहे, थोरली बहीण आहे. त्यांच्या हातात दिलेले साधन त्यांना समजेल असे असले पाहिजे, ही मागणी भीक मागण्यासारखी नाही.

केंद्र सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत इन्शुलिन आहे. २०२२ च्या यादीत लांब पल्ल्याचे ग्लार्जिन इन्शुलिनही आले. सरकारी दवाखान्यात ते विचारा. नसेल तर नसल्याचे लिहून मागा.

आता करायचे काय?

अडचण बोलून दाखवली की ती कुरकुर ठरते. तारीख-वार लिहून ठेवली की ती नोंद होते. एक साधी वही करा. तिच्यात पाच रकाने आखा : तारीख आणि वेळ, त्या वेळी काय करत होतो (काम, झोप, प्रवास, आंघोळ), साधनाचे काय झाले, साखर किती होती, आम्ही काय केले. शेवटी एक ओळ : साधन कसे असते तर हे टळले असते? साधनावरचा मॉडेल आणि बॅच क्रमांकही उतरवा. बिघडलेला संच फेकू नका, पिशवीत जपून ठेवा.

ही नोंद तीन ठिकाणी जाऊ द्या. पहिली, तुमच्या डॉक्टरांकडे. दुसरी, कंपनीकडे लेखी, आणि पोच घ्या. तिसरी, सरकारकडे. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेला अपाय नोंदवण्यासाठी ६ जुलै २०१५ पासून "मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया" चालू आहे. त्याचे काम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे आहे आणि रुग्णही तिथे कळवू शकतात. विनाशुल्क क्रमांक १८०० १८० ३०२४. वॉर्डात आमची कित्येक वर्षे गेली, पण तिथे असा फॉर्म भरताना आम्ही क्वचितच कुणाला पाहिले. फॉर्म गेला नाही की बिघाड झालाच नाही, असे कागद सांगतो.

त्या मुलीच्या आईने फॉर्म भरला. लिहिले मुलीने, सही आईची. "काय झाले" या रकान्यात आधी तिने लिहिले होते, "आमच्याकडून पट्टी सुटली." आम्ही तिला ते खोडायला सांगितले. तिने लिहिले, "घामाने पट्टी सुटली. पंपाने कळवले नाही." पहिल्या वाक्यात दोष आईचा होता. दुसऱ्या वाक्यात सुधारता येईल अशी गोष्ट आहे.

कापून भिंतीला लावा : पंपावर असताना

– साखर २५० च्या वर गेली आणि एका जादा डोसने दोन तासांत उतरली नाही, तर पंपावर विश्वास ठेवू नका. डॉक्टरांनी ठरवून दिलेला डोस पेनने किंवा १०० च्या सिरिंजने घ्या आणि पोटावरचा संच बदला.
– उलटी, पोटदुखी, जोराचा श्वास असेल तर कीटोन तपासा आणि थेट रुग्णालय गाठा. पित्ताच्या गोळीवर वेळ घालवू नका.
– घरात पेन किंवा नारिंगी टोपणाची सिरिंज, इन्शुलिन, जादा संच आणि बॅटरी कायम ठेवा.
– पट्टी सकाळी, संध्याकाळी आणि झोपताना बोटाने चाचपा. ओली लागली किंवा वास आला तर बदला.
– आंघोळीला पंप काढला तर तासाभराच्या आत परत लावा.
– साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, रुग्णालयात न्या.
– न उघडलेले इन्शुलिन फ्रीजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. फ्रीज नसेल तर प्लास्टिकच्या डबीत घालून, पाणी शिंपडलेल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवा आणि साठा थोडाच आणा.

विहारातल्या चर्चेसाठी

१. आपल्या वस्तीत इन्शुलिन घेणारे किती? त्यांपैकी लहान मुले किती?
२. कुणाकडे लाल आणि नारिंगी दोन्ही सिरिंज आहेत? आज त्या वेगळ्या ठेवता येतील का?
३. मीटर, पेन किंवा पंप यांतली एक गोष्ट बदलता आली, तर तुम्ही कोणती बदलाल?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे आमच्याकडे पाठवा, शुद्धलेखनाची काळजी करू नका. आलेली उत्तरे एकत्र करून आम्ही कंपन्यांना आणि शासनाला लेखी देऊ, आणि कुणी काय कळवले ते याच पानावर सांगू.

ती मुलगी आता नववीत आहे. पंप अजून तिच्या कमरेला आहे. रोज झोपताना आई तिची पट्टी बोटाने चाचपते आणि वहीत एक टिकमार्क करते.

जय भीम. नमो बुद्धाय.